हळद नावाचे समुद्रफूल

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवणाऱ्यांचे जग गोड्या पाण्यात गप्पी आणि गोल्डफिश पाळणाऱ्यांपेक्षा वेगळे असते. त्यांच्या टाकीत माशांइतकेच महत्त्व दगडाला असते. समुद्रातून किंवा समुद्रात मुरवून आणलेला हा सच्छिद्र दगड ‘जिवंत दगड’ म्हणून विकला जातो. तो टाकीत ठेवल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या भेगांतून न मागितलेले पाहुणे डोके वर काढतात. कुठे तपकिरी देठावर पसरलेले फूल दिसते, कुठे हिरव्या बोंडांची गुच्छी, कुठे बटणांची चटई. मग छायाचित्र काढून सगळीकडे एकच प्रश्न फिरू लागतो : हे काय आहे, ठेवू की काढू?

आखातात नोकरी करणारा माझा भाचा असा नाद बाळगून आहे. त्याच्याकडून मी पहिल्यांदा ‘आयप्टेशिया’ आणि ‘मजानो’ ही दोन नावे ऐकली. टाकीवाल्यांच्या बोलण्यात ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी हरळी आणि गाजरगवत यावे तशी येतात. मला प्राणिशास्त्रात गती नाही, इतिहासात रस आहे. त्यामुळे नावामागे काय दडले आहे हे शोधत गेलो. एका बोटभर जिवाच्या नावामागे झांझिबार, अल्जीरिया, येमेन, लंडन, जकार्ता आणि हवाई अशी मोठी सफर निघाली. त्या सफरीत मुंबई आणि गोवाही लागले.

‘मजानो’ची मूळ वर्तणी

टाकीवाले ज्याला मजानो म्हणतात त्याचे खरे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅनिमोनिया मंजानो’ आहे. मधला ‘न’ बोलण्याच्या ओघात गळून पडला. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ ओस्कार कार्लग्रेन यांनी १९०० साली हे नाव दिले. समुद्रफुलांचा हा अभ्यासक स्वतः त्या किनाऱ्यावर गेला नव्हता. फ्रान्झ श्टूलमान या जर्मन माणसाने १८८८ आणि १८८९ साली पूर्व आफ्रिकेत गोळा केलेले नमुने हॅम्बुर्गच्या संग्रहालयात होते. त्यांवर कार्लग्रेन यांनी जो प्रबंध लिहिला त्यात हा जीव नोंदला गेला.

स्वाहिली भाषेत ‘मंजानो’ म्हणजे हळद. पिवळ्या रंगालाही तिथे हळदीचाच रंग म्हणतात. ज्या किनाऱ्यावरून हे नमुने आले तो स्वाहिली बोलणाऱ्यांचा किनारा. झांझिबारवर तेव्हा ओमानी सुलतानांची गादी होती, बंदरात कच्छ आणि मुंबईचे व्यापारी पेढ्या टाकून बसले होते आणि मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करत होती. त्याच प्रबंधातल्या दुसऱ्या एका जिवाच्या नावात तर हे बेटच आहे : ‘झोअँथस सान्सिबारिकस’, म्हणजे झांझिबारचा झोअँथस. टाकीवाल्यांच्या ‘बटण पॉलिप’मध्ये याचा भरणा मोठा असतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला कातळावर ज्या हिरव्या-तपकिरी गाद्या उघड्या पडतात, त्यांतही तो आहे.

दगड, झाड की प्राणी?

एखादा अनोळखी पॉलिप ओळखताना आज आपण ‘कोणता प्राणी’ असे विचारतो. अठराव्या शतकापर्यंत प्रश्न त्याच्या आधीचा होता : हा प्राणी आहे का?

अरबी-फारसी परंपरेत पोवळ्याला ‘मरजान’ आणि ‘बुस्सद’ अशी नावे आहेत. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये मोत्याबरोबर मरजानचा उल्लेख येतो. जुन्या भाष्यकारांत त्याच्या अर्थावर मतभेद आहेत. काहींनी मरजान म्हणजे लहान मोती असा अर्थ घेतला, काहींनी तांबडे पोवळे असा. बाराव्या शतकात समरकंदच्या निझामी अरूझीने ‘चहार मकाला’ या ग्रंथात सृष्टीची साखळी मांडली. त्यात खनिजांची शेवटची पायरी पोवळे आहे आणि तिथून वनस्पतींची सुरुवात होते. दगडासारखे कठीण, पण झाडासारख्या फांद्या फुटणारे, म्हणून ते दोघांच्या सीमेवर. हातात फक्त वाळलेले पोवळे असेल तर यापेक्षा चांगले अनुमान करणे अवघड होते.

सतराव्या-अठराव्या शतकांत हे वाळलेले पोवळे गोव्यात येत होते. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले यहुदी व्यापारी भूमध्य समुद्राचे तांबडे पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि गोव्याचे सारस्वत व्यापारी बदल्यात हिरे धाडत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे पत्रांच्या भरवशावर हा व्यवहार करत होती. मालाची प्रत, रंग आणि मण्यांचा आकार त्यांना अचूक कळत होता. हे पोवळे कुणाचे घर आहे, हे मात्र ना विकणाऱ्याला माहीत होते, ना घेणाऱ्याला.

उत्तर जिवंत पोवळ्यात होते. इटालियन विद्वान लुइजी मार्सिली यांनी १७०६ साली ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले आणि त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली पाहिली. त्यांनी निष्कर्ष काढला की पोवळे ही वनस्पती आहे. पुढे मार्सेयचा डॉक्टर झाँ-आंद्रे पेसोनेल याने मार्सेय आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोवळे काढणाऱ्यांबरोबर राहून तीच ‘फुले’ पाहिली. त्याने पाहिले की हात लावला की ती मिटतात आणि पाण्यात स्थिर ठेवली की पुन्हा उघडतात. त्याला ती समुद्रफुलाची छोटी भावंडे वाटली, म्हणजे प्राणी.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हे मत पोहोचले तेव्हा तिथले मातब्बर शास्त्रज्ञ रेओमूर यांनी १७२७ साली त्याचा उल्लेख पेसोनेलचे नाव न घेता केला आणि ते फेटाळले. नाव झाकण्यामागे त्या तरुणाचे हसे होऊ नये असाही हेतू होता, असे सांगतात. पुढे १७४० साली हेगजवळ अब्राहम ट्रेम्ब्ले या घरगुती शिक्षकाला गोड्या पाण्यात एक हिरवा जीव सापडला. त्याचे दोन तुकडे केले की दोन्ही तुकडे पूर्ण जीव बनत. हा हायड्रा. ‘पॉलिप’ हा शब्द या गटासाठी रुजला तो याच सुमारास, रेओमूर यांच्यामुळे. ट्रेम्ब्लेचे प्रयोग पाहिल्यावर रेओमूर यांनी १७४२ साली पेसोनेल बरोबर होता हे छापील ग्रंथात मान्य केले. तोवर पेसोनेल कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर डॉक्टरकी करत होता.

मार्सिली आणि पेसोनेल या दोघांनी एकच फूल पाहिले. एकाने त्याचा आकार पाहिला आणि दुसऱ्याने त्याचे वागणे. टाकीतल्या अनोळखी पॉलिपसमोर बसलेल्या माणसाने हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मुंबईत उतरलेला एकटा प्रवासी

१७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली. तिच्यातला निसर्गाभ्यासक पीटर फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. तो अरबी शिकला आणि वनस्पतींची, माशांची स्थानिक अरबी नावे विचारून लिहून घेत गेला. लॅटिन नाव नंतर ठरेल, पण किनाऱ्यावरचा माणूस त्याला काय म्हणतो हे आधी टिपले पाहिजे, ही त्याची पद्धत. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्या यरीम गावी तापाने तो गेला.

उरलेले साथीदार मोखा बंदरातून मुंबईकडे निघाले. चित्रकार बाउरेनफाइंड वाटेत समुद्रावर वारला, डॉक्टर क्रामर मुंबईत वारला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईत होता. घारापुरीची लेणी मोजून त्यांची रेखाटने त्याने याच मुक्कामात केली. पुढे मायदेशी पोहोचल्यावर १७७५ साली त्याने फोर्स्कोलच्या प्राण्यांवरील नोंदी छापून आणल्या. ‘अ‍ॅनिमोनिया व्हिरिडिस’ या हिरव्या समुद्रफुलाच्या नावापुढे आजही ‘फोर्स्कोल, १७७५’ असे लिहितात. टाकीतला मंजानो त्याच वंशात घातलेला आहे. मित्राच्या कागदांना त्याच्याच नावाने प्रसिद्ध करणारा हा नीबूर मला फार मोठा वाटतो.

दिवाणखान्यातला समुद्र

समुद्रफुले घरात आणली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी शिळे होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण ते रोज खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे, अर्धा-पाऊण तास. आज टाकीत बुडबुडे सोडणारा पंप जे करतो ते तिच्या हातांनी केले. त्या मोलकरणीचे नाव इतिहासात आलेले नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि हा शब्द घरोघरी गेला. गॉस कट्टर धार्मिक, निरीक्षणाला अत्यंत काटेकोर. १८५८ ते १८६० या काळात त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवर जो ग्रंथ लिहिला त्यात जिवंत प्राणी टाकीत ठेवून, त्यांचे हात मोजून, देठावरचे फोड पाहून, डिवचल्यावर ते काय करतात हे टिपून वर्णने दिली. ‘आयप्टेशिया’ हे वंशनाव त्यांचेच, १८५८ सालचे. ज्याच्या नावाने टाकीवाले आज बोटे मोडतात, त्याचे बारसे त्या काळातल्या सर्वांत प्रेमळ निरीक्षकाने केले आहे.

या प्रेमाची किंमत किनाऱ्याने मोजली. पुस्तक वाचून लोक हातोडी-छिन्नी घेऊन डेव्हनच्या कातळांवर तुटून पडले. गॉस यांच्या मुलाने पुढे वडिलांच्या आठवणी लिहिताना, ते डबके पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि याचे वडिलांना फार दुःख झाले, असे नोंदवले आहे.

बाटलीतला राखाडी गोळा

समुद्रफूल मद्यार्कात बुडवले की ते आकसते आणि रंग उडतो. संग्रहालयात उरतो तो राखाडी गोळा. म्हणून ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड ब्लाश्का या काचकारागिराकडून १८६३ पासून समुद्रफुलांच्या काचेच्या प्रतिकृती करून घेतल्या गेल्या. समुद्रापासून दूर बसलेल्या त्या माणसाने नमुन्यादाखल गॉस यांच्या पुस्तकातली चित्रे वापरली.

कार्लग्रेन यांच्यासारख्यांनी त्या राखाडी गोळ्यातूनच वाट काढली. गोळ्याचे पातळ काप घेऊन आतले पडदे, स्नायू आणि दंशपेशींचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. जातीचा निर्णय त्यावर करायचा. १९४९ साली त्यांनी जगभरच्या समुद्रफुलांची जी मांडणी प्रसिद्ध केली ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. यातून टाकीवाल्यासाठी एक कठीण गोष्ट निघते : नुसत्या छायाचित्रावरून बहुतेक वेळा गट सांगता येतो, जात सांगता येत नाही.

रंगाचे तर विचारूच नका. दक्षिण जपानच्या समुद्रात झोअँथसचे हिरवे, केशरी, तांबडे, तपकिरी असे अनेक प्रकार दिसतात. जेम्स रायमर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या रंगांचे पुष्कळसे नमुने एकाच झांझिबारी जातीचे निघाले. बाजारात मात्र प्रत्येक रंगछटेला झगझगीत नाव आणि वेगळा भाव असतो. आयप्टेशियाचेही तसेच. वेगवेगळ्या समुद्रांत वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले बरेचसे आयप्टेशिया २०१४ च्या अभ्यासात एकाच जातीचे ठरले. आता ती ‘एक्सआयप्टेशिया डायफाना’ म्हणून ओळखली जाते. दिसण्यावरून वेगळी ठरवलेली घराणी आतून एकच निघाली.

दगडाबरोबर आलेले

इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्राचे पाणी, जिवंत दगड, हवेचे बुडबुडे, बस्स. आजची ‘रीफ टाकी’ त्या विचाराची वारस आहे, आणि दगडावरचे अनोळखी पाहुणेही तिथूनच आले. ते ओळखताना मोठ्या गटांपुरते पुढील निकष उपयोगी पडतात.

देठ लांब, अर्धपारदर्शक तपकिरी, हात निमुळते टोकदार. सावली पडताच झटकन आत जातो. डिवचले की अंगातून पांढरे धागे बाहेर टाकतो : हा आयप्टेशिया. त्या धाग्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. चिरडला तर राहिलेल्या कणांतून नवे उभे राहतात, ट्रेम्ब्लेच्या हायड्राप्रमाणे.

देठ आखूड, हात बोथट आणि टोकाला बोंडासारखे, धागे नाहीत : हा बहुधा मंजानो. ‘बबल टिप’ म्हणून महाग विकले जाणारे समुद्रफूल लहानपणी त्याच्यासारखे दिसते, म्हणून घाई करू नये. त्याला वाढू द्यावे.

प्रत्येक पॉलिपला बरोबर आठ हात आणि ते पिसासारखे : हे तांबड्या पोवळ्याच्या कुळातले. मार्सिलीने मोजलेल्या आठ पाकळ्या याच.

सपाट चकती, कडेला हातांच्या दोन रांगा, तळाशी सगळे एका चटईने जोडलेले : हे झोअँथिड. अंगात वाळूचे कण रुतलेले असतील तर तो पॅलिथोआ, नसतील तर झोअँथस. या एका फरकावर कधी कधी जीव अवलंबून असतो.

हानाचे जीवघेणे शेवाळ

हवाईच्या माउई बेटावर हाना नावाचा भाग आहे. तिथल्या एका डबक्यात ‘लिमू-माके-ओ-हाना’ म्हणजे हानाचे जीवघेणे शेवाळ वाढते, ते भाल्याला चोळले की जखम प्राणघातक होते आणि त्या डबक्याला शिवणे निषिद्ध आहे, असे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. १९६१ साली हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी ते गाठले. शेवाळ कसले, ते पॅलिथोआ निघाले, म्हणजे प्राणी. १९७१ साली रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी त्यातले विष वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याला पॅलिटॉक्सिन नाव पडले. आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांत ते मोडते. पेशीत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा जो पंप असतो, त्याला ते सताड उघडे दार करून टाकते.

हानाच्या लोकांनी त्याला वनस्पती म्हटले, म्हणजे शास्त्राच्या वर्गवारीत ते बसत नव्हते. पण ते मारते, शिवू नका, ही त्यांची ओळख शंभर टक्के खरी होती. त्याच प्राण्याचे सुंदर बटण दुकानातून घरी नेणाऱ्याला लॅटिन नाव कदाचित पाठ असेल आणि ही ओळख नसेल. परदेशांत पॅलिथोआ लागलेले दगड उकळत्या पाण्याने साफ करताना निघालेल्या वाफेने घरची माणसे गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पॅलिथोआंपैकी काहींत विष भरपूर असते आणि काहींत जवळपास नसते. डोळ्यांनी हे कळत नाही. म्हणून वाळूचे कण दिसले की विष आहे असेच धरून चालावे. दगड कधीही उकळू नये, घासू नये. हातमोजे घालावेत, डोळे झाकावेत, हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नये.

तण आणि औषध

आयप्टेशियाची एक बाजू सांगायची राहिली. त्याच्या पेशींत तेच सूक्ष्म शैवाल राहते ज्याच्या जिवावर प्रवाळ जगतात. समुद्र तापला की प्रवाळ ते शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. हे का होते याचा अभ्यास प्रवाळावर करणे कठीण, कारण तो सावकाश वाढतो आणि लवकर मरतो. आयप्टेशिया कुठेही तगतो, भराभर वाढतो. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला हाताशी धरले. २०१५ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो सौदी अरेबियात, तांबड्या समुद्राच्या काठी असलेल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने. फोर्स्कोल ज्या समुद्रातून अरबी नावे टिपत गेला, तोच हा समुद्र.

आपल्याकडे कठीण सांगाड्याचे प्रवाळ, काळे पोवळे आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे वाघाइतके संरक्षण आहे. मालवणच्या कातळावरून किंवा लक्षद्वीपहून दगड उचलून टाकीत घालणे गुन्हा आहे. गॉस यांच्या किनाऱ्याचे काय झाले हे ठाऊक असताना या कायद्याविषयी कुणाची तक्रार असू नये. पाहायचेच असेल तर ओहोटीचे वेळापत्रक बघून मुंबईच्या किंवा कोकणातल्या कातळावर जावे, डबक्याशेजारी उकिडवे बसावे आणि सावली पडणार नाही अशा बाजूने पाहावे. समुद्रफूल उघडायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्याआधी त्याचे नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.